कर्ज थकलंय, तगादा सुरू झालाय: कोणत्या कर्जासाठी कुठे दाद मागायची

कर्जात अडकलेला माणूस मदत मागायला जातो तेव्हा आधी आकडा सांगतो. साडेचार लाख, सात लाख, अकरा लाख. पण आकड्यावरून पुढचा रस्ता कळत नाही, पैसे कोणी दिले त्यावरून कळतो. बँकेचं कर्ज, पतसंस्थेचं कर्ज, मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्ज, बचत गटातल्या बायकांच्या नावावर मायक्रोफायनान्सचं कर्ज आणि गावातल्या सावकाराचे टक्क्याने घेतलेले पैसे, या प्रत्येकाला वेगळा कायदा लागतो आणि प्रत्येकाची तक्रार वेगळ्या कार्यालयात होते. पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे पाठवली तर काही महिने फुकट जातात. सावकाराची तक्रार नुसती पोलिसांत दिली तर बऱ्याचदा ‘तुमचा आपसातला व्यवहार आहे’ असं सांगून परत पाठवतात. म्हणून हे सगळं एकेक करून, कर्ज देणाऱ्यानुसार सांगितलं आहे.

त्याआधी एक गोष्ट. तगाद्यामुळे झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर कर्जाचे कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कोणाबद्दल तशी धास्ती वाटत असेल तरी हाच क्रमांक. धोका समोर दिसत असेल तर ११२. थकलेल्या कर्जाला कायद्यात पुष्कळ वाटा आहेत, त्या शोधायला माणूस हवा.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कर्जाला एक पान द्या. पानावर लिहा: देणाऱ्याचं पूर्ण नाव (ॲप असेल तर ॲपचं नाव वेगळं आणि त्यामागच्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं वेगळं), कर्ज खाते क्रमांक, घेतलेली रक्कम, आजची बाकी, व्याजदर, हप्ता, शेवटचा हप्ता कधी भरला, तारण काय दिलं, जामीनदार कोण, कोरे धनादेश किंवा सही केलेले स्टॅम्प पेपर दिलेत का. शेवटचा रकाना बहुतेक जण लाजेने रिकामा ठेवतात. पुढचे सगळ्यात मोठे त्रास तिथूनच सुरू होतात, तेव्हा खरं लिहा.

हातउसने घेतलेले पैसे, भिशीची उचल, किराणा दुकानातली उधारी, हेही या वहीत यायला हवं. बायकोला किंवा नवऱ्याला माहीत नसलेलं कर्जसुद्धा. घरात लपवलेलं एक कर्ज बाकी सगळं नियोजन कोलमडवतं.

बाकीचा आकडा तोंडी विचारू नका, खातेउतारा मागा. त्यात मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे दाखवलेले असावेत. १ एप्रिल २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं, आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर ती तक्रारीची जागा आहे.

नावावर नेमकी किती कर्जं आहेत याची खात्री नसेल तर पत अहवाल, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. ‘मोफत स्कोअर’ दाखवणाऱ्या इतर ॲपवरून काढू नका, तिथून नव्या कर्जाच्या जाहिराती मागे लागतात.

कोणाला आधी द्यायचं

जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात, हा नेहमीचा घोटाळा. सर्वांत जास्त फोन क्रेडिट कार्ड आणि ॲपवाले करतात, आणि नेमकी तीच कर्जं विनातारण असतात. घराचा हप्ता मात्र शांतपणे थकत राहतो आणि ९० दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज, ठरतं.

क्रम असा लावा. घरभाडं, वीज, पाणी, किराणा, औषधं, मुलांची फी हे कर्जाच्या आधी. मग राहत्या घराचं कर्ज. मग ज्या वाहनावर किंवा यंत्रावर रोजी चालते त्याचं. मग तारण ठेवलेलं सोनं. नंतर जिथे जामीनदार आहेत ती कर्जं, कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि पतसंस्था सरळ त्याच्या पगारावर जाऊ शकते. विनातारण वैयक्तिक कर्ज, कार्ड आणि ॲप शेवटी. शेवटी म्हणजे बुडवायचं असं नव्हे. त्यांच्याशी बोलणी आधी सुरू करायची, पैसे मात्र उरतील तेवढेच द्यायचे.

एक उदाहरण मांडू. घरात महिन्याला ३४,००० येतात, जगण्याचा खर्च १७,५००, उरतात १६,५००. हप्ते असे: घर ७,४००, पतसंस्था ४,८००, वैयक्तिक कर्ज ४,६००, कार्डाची किमान रक्कम ३,०००. बेरीज १९,८००. दरमहा ३,३०० कमी पडतात आणि ते कुठल्या तरी ॲपवरून येतात. अशा घराचं वर्षभरात काय होतं ते सांगायला नको.

आता कार्डाकडे नीट बघा. बाकी ६०,०००, व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम ३,००० भरली तरी बाकी फक्त ५२२ रुपयांनी उतरते. हीच बाकी बँकेकडे अर्ज करून ३६ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून घेतली, वार्षिक १८ टक्के धरले, तर हप्ता साधारण २,१७० बसतो आणि तीन वर्षांत विषय संपतो. कार्ड त्याच दिवशी बंद करून घ्यायचं. पतसंस्थेची लाखभर बाकी १४ टक्क्यांनी दोन वर्षांऐवजी सव्वातीन वर्षांवर नेली तर हप्ता ३,२०० वर येतो. वैयक्तिक कर्जाची १,१०,००० बाकी १६ टक्क्यांनी पाच वर्षांवर नेली तर २,६७५. नवी बेरीज १५,४४५. घर आणि कर्जं भागून हजारभर रुपये आजारपणाला उरतात.

याची किंमत आहे. त्या वैयक्तिक कर्जावर एकूण २७,००० च्या आसपास जादा व्याज जाईल, आणि पत अहवालात कर्जाची पुनर्रचना झाल्याची नोंदही येऊ शकते. तरीही हप्ते बुडत राहण्यापेक्षा आणि दर महिन्याला नवं कर्ज उचलण्यापेक्षा हे खूप बरं.

बँकेत जाऊन काय बोलायचं

हप्ता चुकायच्या आधी जा, निदान दुसरा चुकायच्या आत. एनपीए झाल्यावर शाखेच्या हातात फारसं राहत नाही, फाइल वसुली विभागाकडे जाते.

तोंडी विनवणी करून उपयोग होत नाही. एक पानी अर्ज द्या: अडचण का आली (नोकरी गेली, दवाखाना, धंदा बसला) आणि त्याचा एक पुरावा, महिन्याचं उत्पन्न आणि खर्च, इतर कर्जांची यादी, आणि मी दरमहा इतके रुपये अमुक तारखेला भरू शकतो, त्यासाठी मुदत वाढवून द्यावी, अशी स्पष्ट मागणी. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. हीच प्रत पुढे लोकअदालतीत, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) आणि न्यायालयात तुमच्या बाजूने बोलते.

झेपेल त्यापेक्षा जास्त रक्कम कबूल करू नका. घाबरून मोठा हप्ता मान्य करायचा आणि दुसऱ्याच महिन्यात मोडायचा, हे फार घडतं. त्यानंतर बँक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

ज्या बँकेचं कर्ज थकलं आहे तिथेच पगार जमा होत असेल तर बँक थकलेली रक्कम त्यातून परस्पर वळती करून घेऊ शकते. घरखर्चाची रक्कम सुरक्षित राहावी म्हणून पगार दुसऱ्या बँकेत घेणं योग्य, मात्र ठरलेला हप्ता तिकडून न चुकता पाठवा. आणि ज्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो तिथे शिल्लक नसेल तर आधीच कळवा. दर वेळी व्यवहार परत गेला की दोन्हीकडचं शुल्क पडतं, शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली ते धनादेश न वटण्यासारखंच धरलं जातं.

वसुलीवाले दारात येतात तेव्हा

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर तमाशा, नातेवाइकांना आणि ऑफिसात फोन, निनावी फोन, हे सगळं मना आहे. एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. ते मागा, फोटो काढा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. एखाद्या कर्जाबद्दल तुमची तक्रार बँकेकडे प्रलंबित असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत ते प्रकरण वसुली एजंटाकडे देऊ नये, असाही नियम आहे. म्हणून लेखी तक्रार लवकर द्यायची.

एजंटाच्या हातात रोकड देऊ नका. त्याच्या खासगी यूपीआयवर तर मुळीच नको. पैसे फक्त कर्ज खात्यात, पावतीसह. एजंटाला दिलेले आणि खात्यात कधीच न पोहोचलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं.

‘उद्या पोलीस घेऊन येतो, अटक होईल’ ही धमकी सर्रास दिली जाते. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेणं आणि धनादेश न वटणं हे वेगळे विषय. मारण्याची, बदनामीची धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं, धमकावून पैसे उकळले तर खंडणीचं कलम ३०८. फोनची ध्वनिफीत, मेसेजचे स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ त्याच वहीत लिहून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

बँक किंवा फायनान्स कंपनी ऐकत नसेल तर लोकपाल

पायऱ्या चुकल्या तर तक्रार परत येते, म्हणून क्रम पाळा. आधी त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन करता येते, किंवा चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला पत्र लिहा. मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. माहितीसाठी १४४४८. शुल्क शून्य. वकिलामार्फत केलेली तक्रार घेतली जात नाही, स्वतःच करायची. त्याच मुद्द्यावर न्यायालयात दावा चालू असेल तरीही घेतली जात नाही.

लोकपाल काय करू शकत नाही हेही समजून घ्या. हप्ता कमी करा, व्याज माफ करा, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यात तो पडत नाही. चुकीचं शुल्क, नियमाबाहेरची वसुली, परत न दिलेले कागद, पत अहवालात चुकीची नोंद, यासाठी त्याच्याकडे जायचं. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर लोकपालाऐवजी नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार होते.

ॲपवरचं कर्ज

आधी हे शोधा की ॲपच्या मागे कोणती नोंदणीकृत बँक किंवा एनबीएफसी (फायनान्स कंपनी) आहे. अशा ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२५ पासून आहे. नियमातल्या ॲपला कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात द्यावी लागते, सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं पत्रक आधी द्यावं लागतं, आणि निदान एक दिवस विचार बदलण्याची मुभा द्यावी लागते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज देऊन कर्ज दंडाशिवाय परत करता येतं. तुमचे संपर्क, फोटो, कॉलची यादी त्यांना घेताच येत नाही.

मागे कोणीच नसेल, ५,००० सांगून ३,२०० हातात दिले आणि सातव्या दिवशी ५,००० मागितले, फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली, तर ती सावकारी नाही, सायबर गुन्हा आहे. अशा वेळी पैसे देऊन सुटका होत नाही. दिले की दुसऱ्या नावाने पुन्हा मागणी येते. स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक साठवा. मगच ॲप काढा, आधी काढलं तर पुरावा जातो. १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही कळवा. ओळखीच्या लोकांना एकच मेसेज पाठवा: माझा फोन हॅक झाला आहे, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका. लाज धमकावणाऱ्याला वाटायला हवी. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचंच फावतं.

पतसंस्था

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

थकबाकी झाली की संस्था कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. निबंधक कार्यालयातून सुनावणीची नोटीस येते, आणि इथेच लोक चुकतात. ‘काय बोलणार’ म्हणून जातच नाहीत. दाखला एकतर्फी निघतो, आणि मग कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तेवढे पैसे असते तर थकलं कशाला असतं. म्हणून नोटिशीच्या तारखेला हजर राहा, खातेउतारा मागा, भरलेल्या आणि जमा न दाखवलेल्या रकमांच्या पावत्या लावा, व्याजाच्या दरात कर्जरोख्यापेक्षा फरक असेल तर लेखी म्हणणं द्या. जामीनदारांनाही सोबत न्या. संस्थेत सामोपचार परतफेड योजना चालू आहे का ते विचारा, बऱ्याचदा मार्चअखेर जवळ आली की संस्था तडजोडीला तयार असते.

मायक्रोफायनान्स

वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं हे विनातारण कर्ज. २०२२ च्या नियमांनुसार घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. चार कंपन्यांनी एकाच बाईला कर्ज दिलं असेल तर ही मर्यादा बहुधा मोडलेली असते, आणि ते तक्रारीत लिहायचं. वसुली ठरलेल्या ठिकाणीच होते. लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच घरी येता येतं. गटातल्या इतर बायकांना तुमच्या दारात बसवणं, रेशनकार्ड किंवा आधार काढून घेणं, हे कोणत्याही नियमात बसत नाही. कंपनी ऐकत नसेल तर ती सा-धन किंवा एमएफआयएन या मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या संघटनांपैकी कुठली सदस्य आहे ते बघून तिथे तक्रार करा, मग लोकपाल.

सावकार

इथे कायदा कर्जदाराच्या बाजूने चांगलाच भक्कम आहे, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारकालाही दर ठरवून दिले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. बिगरशेतकऱ्याला तारणावर १५, विनातारण १८. चक्रवाढ व्याज घेता येत नाही. आणि जुन्या दामदुपटीच्या तत्त्वाप्रमाणे व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही.

‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला ६० टक्के. लाख रुपये घेतले, महिना ५,००० प्रमाणे २० महिने दिले, तर लाख रुपये परत गेले आणि सावकार म्हणतो मुद्दल तसंच आहे. कायदेशीर १८ टक्क्यांनी त्या २० महिन्यांचं व्याज जास्तीत जास्त ३०,००० होतं. उरलेले ७०,००० मुद्दलात वळते व्हायला हवेत. हा हिशेब कागदावर मांडून अर्जाला जोडा.

अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. तेच या कायद्याखालचे जिल्हा निबंधक असतात. तालुक्यात सहायक निबंधक. अर्जात सावकाराचं नाव-पत्ता, किती, कधी, कोणासमोर घेतले, किती परत दिले, काय लिहून दिलं. सोबत बँक किंवा यूपीआयच्या नोंदी, मेसेज, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं. एकाच सावकाराचे अनेक कर्जदार असतील तर सर्वांनी वेगवेगळे अर्ज एकाच वेळी द्या, कारण ‘हा धंदाच करतो’ हे त्यातून सिद्ध होतं. एखाद्याने एकदाच उसने दिले एवढ्यावर सावकारी ठरत नाही. अर्जानंतर कार्यालय पोलीस आणि पंचांसह झडती घेऊ शकतं, आणि कोरे धनादेश, स्टॅम्प पेपर, खरेदीखतं बहुतेक तिथेच सापडतात.

जमीन गेली असेल तर कलम १८ वाचा. कर्जापोटी सावकाराने खरेदीखत करून घेतलं असेल, ‘पैसे दिले की परत नावावर करतो’ असं तोंडी सांगितलं असेल, तर अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतली अशी खरेदी जिल्हा निबंधक चौकशी करून अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. सिद्ध करायचं ते एवढंच की व्यवहार विक्रीचा नव्हता, कर्जाचा होता. त्यासाठी उपयोगी पडतं: खरेदीखतातली किंमत तेव्हाच्या बाजारभावापेक्षा फारच कमी असणं, खरेदीनंतरही जमीन तुम्हीच कसणं (पीकपाहणीची नोंद, खताच्या पावत्या, वीजबिल), खरेदीनंतरही तुम्ही त्याला दरमहा पैसे देत राहणं. खरेदीखत नुकतंच झालं असेल आणि तलाठ्याकडून नमुना ९ ची नोटीस आली असेल तर १५ दिवसांत फेरफाराला लेखी हरकत घ्या. आदेश विरुद्ध गेला तर विभागीय सहनिबंधकांकडे एका महिन्यात अपील होतं.

गोव्याचा सावकारी कायदा वेगळा आहे, हे दर आणि ही कलमं तिथे लागत नाहीत.

नोटीस आली तर

धनादेश वटला नाही म्हणून नोटीस, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची, आली तर हातात १५ दिवस असतात. तेवढ्यात रक्कम दिली तर खटला उभा राहत नाही. देता येत नसेल तर नोटिशीला उत्तर मात्र द्या, विशेषतः धनादेश कोरा दिला होता किंवा रक्कम आधीच फेडली असेल तर. नोटीस न घेता परत पाठवली म्हणून ती टळत नाही.

घरावर सरफेसी कायद्याची (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली तर ६० दिवस. या काळात लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही.

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जप्ती आली तरी सगळं उचलता येत नाही. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, कारागिराची हत्यारं, धार्मिक रूढीने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असे दागिने, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांनाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

फुकट सल्ला कुठे मिळतो

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. इथेच अर्ज करून कर्ज प्रकरण दावा दाखल होण्याआधीसुद्धा लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे बँकेचा माणूस समोर असतो आणि व्याजात सूट मिळण्याची शक्यता शाखेपेक्षा जास्त असते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. झेपणार नाही असा हप्ता लिहिला जात असेल तर सही करू नका, पुढची तारीख मागा.

हिशेब मांडायला मदत हवी असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं वित्तीय साक्षरता केंद्र शोधा. पत्ता कोणत्याही सरकारी बँकेच्या शाखेत किंवा जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाच्या कार्यालयात मिळतो.

‘आम्ही तुमचं कर्ज मिटवून देतो’ म्हणणाऱ्या खासगी एजन्सीपासून लांब राहा. त्या आगाऊ फी घेतात, हप्ते थांबवायला सांगतात, पैसे आपल्याकडे साठवायला लावतात. बँक त्यांना बांधील नसते. दंडशुल्क वाढत जातं, खटले तुमच्यावर होतात, आणि फी परत मिळत नाही.

तडजोड झाल्यावर

एकरकमी तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी हाती आल्याशिवाय एक रुपया भरू नका. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख, आणि ती भरल्यावर काही बाकी राहणार नाही हे वाक्य हवं. चालू असलेला दावा मागे घेण्याचा उल्लेखही हवा. तारीख एका दिवसाने चुकली तरी तडजोड मोडू शकते, म्हणून पैसे दोन दिवस आधी भरा.

पत अहवालात तडजोडीचं कर्ज ‘सेटल्ड’ दिसतं, पूर्ण फेडलेलं ‘क्लोज्ड’. सेटल्ड नोंदीमुळे पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं. फरकाची रक्कम थोडी असेल आणि नातेवाइकांकडून बिनव्याजी मिळत असेल तर पूर्ण फेडून क्लोज्ड करून घेणं बरं.

थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. दिलेले धनादेश परत मागा, परत मिळाले नाहीत तर त्यांचे क्रमांक देऊन आपल्या बँकेत पेमेंट थांबवा आणि तसं लेखी कळवा. घराचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा असेल तर तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात दाखला देऊन तो उतरवून घ्या. दोन महिन्यांनी पत अहवाल पुन्हा काढा. कर्ज अजूनही चालू दिसत असेल तर पत कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.